माशीच्या अंडाशयात अंगके कशी सरकतात: जिवंत नमुन्यात पाहण्याची पद्धत

फळमाशीच्या अंडाशयातल्या प्रत्येक एग चेंबरमध्ये जननपेशी सोळा असतात: पंधरा नर्स सेल (पोषक पेशी) आणि एक अंडपेशी. एकाच पेशीचे चार वेळा विभाजन होते, पण दर वेळी ते अर्धवट थांबते. त्यामुळे सोळाही पेशी रिंग कॅनाल नावाच्या गोल भोकांनी एकमेकींना जोडलेल्या राहतात. अंडपेशीचे केंद्रक बहुतेक काळ गप्पच असते. तिला लागणारे मायटोकाँड्रिया, गॉल्जी, चरबीचे थेंब, रायबोसोम असा सगळा माल नर्स सेलमधून या भोकांतून येतो.

कॉलेजच्या प्रकल्पांत इथेच गडबड होते. भोकातून एक ठिपका पलीकडे गेलेला दिसला की ‘डायनिनने मायटोकाँड्रिया वाहून नेला’ असे लिहून मोकळे होतात. ठिपका पलीकडे गेला एवढेच त्यातून कळते. तो मोटर प्रथिनाच्या पाठीवर बसून गेला की सगळा सायटोप्लाझमच वाहत होता आणि तोही त्यात गेला, हा प्रश्न तसाच राहतो. पेशीशास्त्रज्ञ व्लादिमिर गेल्फँड यांच्या प्रयोगशाळेने २०२२ मध्ये दाखवले की नर्स सेलच्या कडेला बांधलेला डायनिन (एक मोटर प्रथिन) मायक्रोट्यूब्यूलनाच, म्हणजे मोटर ज्यांच्यावरून चालतात त्या प्रथिननळ्यांनाच, सरकवतो, आणि त्या सरकताना भोवतालचा सायटोप्लाझम ओढत नेतात. त्या प्रवाहात अंगके (मायटोकाँड्रियासारखे पेशीतले घटक) तर जातातच, पण कोणत्याही मोटरला न चिकटणारे निष्क्रिय कणही जातात. म्हणून खालची सगळी पद्धत दोन गोष्टींभोवती बेतली आहे: नमुना खरोखर जिवंत ठेवणे, आणि एका ठिपक्यावर विश्वास न ठेवता त्याच्या शेजाऱ्यांकडेही पाहणे.

माश्या तयार करणे

बडोद्यात माश्या मिळवणे अवघड नाही. खंडेराव मार्केटमधून आणलेली अति पिकलेली केळी रुंद तोंडाच्या बाटलीत ठेवून तोंडाला कागदाचे नरसाळे लावा. दोन-तीन दिवसांत पुरेशा माश्या जमतात. त्यात फळमाशीच्या तीन-चार जाती मिसळलेल्या असू शकतात. नुसती हालचाल पाहायची तर चालेल, कारण पंधरा अधिक एक ही रचना या सगळ्यांत सारखीच असते. मायटोकाँड्रियावर चमकणारे प्रथिन असलेली जात हवी असेल तर ती स्टॉक सेंटरमधूनच मागवावी लागते. म्हैसूर विद्यापीठात असे केंद्र आहे. मागवताना एक गोष्ट नीट तपासा: गॅल-४ पद्धतीची (एका जनुकाच्या प्रथिनाने दुसरे जनुक चालू करणारी) जात असेल तर तिचा यूएएस-टी हा जुना प्रकार जननपेशींत जवळजवळ चालत नाही. यूएएस-पी प्रकारच हवा, आणि सोबत नॅनोस किंवा मॅटर्नल ट्यूब्युलिन गॅल-४. हे न पाहता जात मागवली की चेंबरभोवतीच्या फॉलिकल पेशी चमकतात आणि नर्स सेल काळ्याच राहतात.

खाद्याचे प्रमाण एक लिटर पाण्याला असे: अगार १० ग्रॅम, मक्याचे पीठ ७० ग्रॅम, गूळ ५० ग्रॅम, कोरडे यीस्ट २० ग्रॅम. वीस मिनिटे उकळून ६० अंशांपर्यंत निवू द्या. मगच प्रोपियोनिक आम्ल ५ मिलि आणि मिथाइल पॅराबेन १ ग्रॅम (१० मिलि अल्कोहोलमध्ये विरघळवून) घाला. उकळत्या खाद्यात घातले तर अल्कोहोल आणि आम्ल उडून जाते आणि बुरशी धरते. पावसाळ्यात बडोद्याच्या दमट हवेत बुरशीपेक्षा किडी जास्त छळतात. कुपीच्या भिंतीवर पांढरी भुकटी हलताना दिसली की ती कुपी लगेच बाहेर काढा.

माश्या २५ अंशांवर ठेवा. या तापमानाला अंड्यापासून माशी व्हायला दहाएक दिवस लागतात. ३० अंशांच्या वर नर वांझ होऊ लागतात, त्यामुळे मे महिन्यात पंख्याखाली ठेवलेल्या कुप्यांतून पुढची पिढी मिळत नाही. उलट उत्तरायणाच्या सुमारास खोली गार असते, वाढ दीडपट-दुप्पट लांबते, आणि ठरवलेल्या तारखेला माद्या तयार नसतात. साधा इन्क्युबेटर नसेल तर थर्मोकोलची पेटी, तापमापक आणि गरजेप्रमाणे बर्फाची पिशवी एवढ्यावर भागते. दिवसातून दोनदा पाहावे लागते, इतकेच.

कोशातून बाहेर पडून एक-दोन दिवस झालेल्या दहा-पंधरा माद्या आणि पाच-सहा नर ताज्या कुपीत घ्या. बेकरीचे कोरडे यीस्ट पाण्यात कालवून श्रीखंडाइतके घट्ट करा आणि कुपीच्या भिंतीला बोटभर लावा. ४८ तास, रोज नवा लेप. ही पायरी टाळता येत नाही. मादीला प्रथिने मिळाली नाहीत तर आठव्या-नवव्या टप्प्यावरचे (चेंबरच्या वाढीचे चौदा टप्पे मानतात) एग चेंबर नष्ट होतात, आणि आपल्याला नेमके तेच हवे असतात. यीस्टच्या जोडीला नरही हवेत, नाहीतर माद्या अंडी घालत नाहीत. मग अंडाशय चौदाव्या टप्प्याच्या तयार अंड्यांनी भरून जातो आणि मधले टप्पे शोधूनही सापडत नाहीत.

अंडाशय काढणे

लागणारे द्रव: श्नायडर माध्यम (कीटकांच्या पेशी जगवणारे तयार पोषक द्रव), खोलीच्या तापमानाला आणलेले. तासाभराच्या निरीक्षणाला ते एकटे पुरते. नवव्या टप्प्याचा चेंबर त्याहून जास्त वेळ वाढवायचा असेल तर त्यात १५ टक्के गर्भगोवत्स सीरम आणि मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम इन्सुलिन घाला, आणि पीएच ६.९५ ते ७ या दरम्यान आणा. पीबीएस (फॉस्फेटचे खारे द्रावण) फक्त फिक्स करायच्या, म्हणजे रसायनाने मारून जसेच्या तसे टिकवायच्या नमुन्यांसाठी ठेवा.

मादीला कार्बन डायऑक्साइडने किंवा बर्फावर बेशुद्ध करा, क्षणभर ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा म्हणजे मेणचट त्वचा ओली होते, आणि माध्यमाच्या थेंबात ठेवा. एका पाच नंबरच्या चिमट्याने छाती धरा, दुसऱ्याने पोटाचा शेवटून दुसरा खंड धरून सावकाश ओढा. दोन्ही अंडाशय पांढऱ्या घोसासारखे बाहेर येतात. एका अंडाशयात साधारण सोळा ते वीस ओव्हेरिओल (अंडनलिका) असतात, आणि प्रत्येकात टोकाच्या जर्मेरियमपासून (जिथे नवे चेंबर तयार होतात) मागे वाढत जाणाऱ्या चेंबरची माळ.

आता सगळ्यांत नाजूक काम. प्रत्येक ओव्हेरिओलभोवती स्नायूंचे आवरण असते आणि ते शरीराबाहेरही आकुंचन पावत राहते. ते न काढता चित्रण केले तर चित्रफितीत दर काही सेकंदांनी सगळे एकदम हिसका खाते आणि वेगाची मोजमापे निरुपयोगी होतात. मागच्या, मोठ्या अंड्यांच्या टोकाला एका चिमट्याने धरा, आणि दुसऱ्या चिमट्याने जर्मेरियमचे टोक पकडून एका रेषेत, न थांबता ओढा. माळ आवरणातून सरळ निसटून येते. मधल्या चेंबरला चिमटा लागला तर तो टाकून द्या. बाहेरून धड दिसला तरी आतल्या पेशींची पटले फाटलेली असतात, आणि फाटलेल्या पेशीतून गळणारा सायटोप्लाझम वाहतूक म्हणून मोजला जातो. ही चूक चित्रफितीत ओळखता येत नाही, म्हणून शंका आली की टाकायचा.

चेंबर उचलायला २०० मायक्रोलिटर पिपेटची टिप तिरकी कापून भोक मोठे करा आणि आधी तिच्यातून सीरमचे माध्यम एकदा फिरवा. कोरड्या प्लॅस्टिकला चेंबर चिकटतात आणि सुटताना फुटतात.

टप्पे ओळखण्याची खूण अंडपेशीच्या आकारात आहे. आठव्या टप्प्यात अंड्यात बलक दिसू लागते. नवव्यात अंडपेशी चेंबरचा सुमारे तिसरा हिस्सा व्यापते. दहा-अ मध्ये बरोबर निम्मा. दहा-ब मध्ये अंडपेशी आणि नर्स सेल यांच्या सीमेवर फॉलिकल पेशी आत शिरताना दिसतात. अकराव्यात अंडपेशी निम्म्याहून मोठी आणि नर्स सेल आक्रसलेल्या. नववा टप्पा आणि दहा-अ साधारण सहा-सहा तास चालतात, दहा-ब चार तास, पण अकरावा जेमतेम अर्धा तास. म्हणून अकराव्या टप्प्याचे चेंबर शोधत बसू नका; उशिरातला दहा-ब निवडा आणि थांबा. दहा-ब पासून पुढची वाढ श्नायडर माध्यमात बाहेरही होते.

स्लाइडवर मांडणी

दहाव्या टप्प्याचा चेंबर दीडशे मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. कव्हरस्लिप थेट ठेवली तर तो चपटा होतो. काही वेळा फुटत नाही, नुसता दबतो, आणि प्रवाह बंद पडतो. मग ‘या टप्प्यात हालचाल नसते’ असा निष्कर्ष निघतो. दोन्ही बाजूंना दीड नंबरच्या कव्हरस्लिपचा तुकडा टेकू म्हणून लावा. त्याची जाडी ०.१६ ते ०.१९ मिलिमीटर असते आणि ती पुरते.

दुसरा शत्रू हवेचा अभाव. कडा नेलपॉलिशने बंद केल्या तर थोड्याच वेळात आतला ऑक्सिजन संपतो, एटीपी घटते, प्रवाह मंदावतो आणि लांबट मायटोकाँड्रिया गोल गोल होतात. त्याऐवजी माध्यम जवळजवळ सगळे टिपून घेऊन चेंबर हॅलोकार्बन तेलाच्या थेंबात ठेवा. हे तेल ऑक्सिजन आरपार जाऊ देते आणि नमुना सुकूही देत नाही. अर्धा-पाऊण तास निर्धास्त काम होते. द्रवरूप पॅराफिन किंवा खाद्यतेल हा त्याला पर्याय नाही.

खोली २५ अंशांवर हवी. एसी नसलेल्या प्रयोगशाळेत एप्रिल ते जून हे प्रयोग सकाळी लवकर उरकावेत, आणि तापमान प्रत्येक चित्रफितीसोबत लिहून ठेवावे. मोटर प्रथिनांचा वेग तापमानाबरोबर वाढतो, त्यामुळे २५ आणि ३४ अंशांवरचे आकडे एका तक्त्यात घालता येत नाहीत. हॅलोजन दिव्याच्या मायक्रोस्कोपला उष्णता अडवणारी काच लावा.

काय, कशाने पाहायचे

अंडपेशीतले मंथन पाहायला फ्लुरोसन्स लागत नाही. गुटझाइट आणि कोप्पा यांनी १९८२ मध्ये ते टाइमलॅप्स फिल्मवर टिपले होते. बलकाचे कण मोठे आणि ठळक असल्याने साध्या मायक्रोस्कोपवर ४० पटीच्या भिंगाने, मोबाइलचा कॅमेरा डोळ्याच्या भिंगावर (आयपीसवर) घट्ट बसवून हे जमते. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, दर पाच सेकंदांना एक फ्रेम, दहा मिनिटे, म्हणजे १२० फ्रेम. डोळ्याने स्थिर वाटणारे दृश्य वेगाने फिरवले की फिरताना दिसते. नवव्या ते दहा-अ टप्प्यांत ही गती संथ आणि विस्कळीत असते. दहा-ब पासून ती वेगवान, एका दिशेने घुमणारी होते. तिच्यामागे किनेसिन-१ हे मोटर प्रथिन असते.

नर्स सेलमध्ये बलक नसते. तिथे चरबीचे थेंब चमकदार ठिपक्यांसारखे दिसतात, त्यांच्यावर काम भागते. मायटोकाँड्रिया पाहायचे तर मायटोट्रॅकर (मायटोकाँड्रियात साठणारा चमकता रंग) १०० नॅनोमोलर, १५ मिनिटे अंधारात, मग दोनदा ताजे माध्यम. इथे एक शारीरिक अडचण आहे: रंग आधी बाहेरच्या फॉलिकल पेशी शोषून घेतात, आणि आतल्या पेशी फिकट राहतात. पण नवव्या टप्प्यापासून नर्स सेलवरच्या फॉलिकल पेशी ताणून पातळ होतात, तर अंडपेशीवर त्या उंच खांबांसारख्या दाटतात. म्हणून रंगवलेल्या नमुन्यात नर्स सेलच्याच बाजूला पाहा. अंडपेशीसाठी बलकाचे कण बरे.

उजेड जितका कमी तितका चांगला. मायटोट्रॅकर तीव्र प्रकाशात मायटोकाँड्रियालाच इजा करतो. पहिल्या मिनिटात लांबट धागे आणि पाचव्या मिनिटात सुटे गोल तुकडे दिसले तर ते माशीचे जीवशास्त्र नव्हे, तो तुमचा दिवा आहे.

फ्रेममधले अंतर वेगावर ठरवा. कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ०.२ मायक्रॉनचा असेल आणि कण सेकंदाला ०.३ मायक्रॉन जात असेल, तर दोन सेकंदांत तो तीन पिक्सेल सरकतो. हे अंतर ठीक. दर दहा सेकंदांना फ्रेम घेतली तर तोच कण १५ पिक्सेल पुढे जातो, आणि दाटीत कोणता कोणता हे कळत नाही. पिक्सेलचे माप स्टेज मायक्रोमीटरने स्वतः काढा. भिंगावर छापलेल्या पटीवर विसंबू नका, कॅमेऱ्याचा अडॅप्टर ती बदलतो.

प्रवाह की मोटर

अंडपेशीला थेट जोडणारे रिंग कॅनाल चारच असतात. त्यांतला एखादा कव्हरस्लिपच्या जवळ आलेला असेल असा चेंबर निवडा. खोल असलेल्या भोकावर फोकस करण्यात तास जातो आणि चित्र धूसरच येते. भोकातून जाणारी रेषा आखून इमेजजे या चित्रमापनाच्या संगणकप्रणालीत कायमोग्राफ काढा. आडवे अंतर, उभा वेळ. रेषेच्या उतारावरून वेग.

मग एका कणाऐवजी शेजारचे पाच-सहा कण मोजा, आणि शक्यतो दोन जातींचे, म्हणजे मायटोकाँड्रिया आणि चरबीचे थेंब. सगळे एकाच दिशेने, जवळजवळ एकाच वेगाने, एकदमच थांबत आणि एकदमच निघत असतील तर तो प्रवाह. शेजारचा स्थिर असताना एखादा सरळ रेषेत धावतो, थांबतो, कधी उलटा फिरतो, तर तो मोटरवर स्वार आहे. एकाच पेशीत दोन्ही दिसू शकतात, आणि तसे दिसले तर तसेच लिहा.

फसवणारी आणखी एक हालचाल आहे. साधारण आठव्या टप्प्यापर्यंत अख्खा चेंबर स्वतःभोवती फिरत असतो, कारण फॉलिकल पेशी बाहेरच्या पटलावर सरकत राहतात. त्या फिरण्यात आतले सगळे कण एका दिशेने गेलेले दिसतात. म्हणून वेग नेहमी रिंग कॅनालच्या किंवा नर्स सेलच्या केंद्रकाच्या तुलनेत मोजा, चित्राच्या चौकटीच्या तुलनेत नाही.

पडताळणीसाठी मायक्रोट्यूब्यूल मोडून पाहावे लागतात. यीस्टच्या लेपात मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम कोल्सेमिड, रात्रभर. माद्यांनी लेप खाल्ला की नाही हे कळायला त्यात खाण्याचा रंग मिसळा. ज्यांचे पोट रंगीत त्याच घ्या. औषधाने काम केले का, हे केंद्रक सांगते. नवव्या टप्प्यात अंडपेशीचे केंद्रक पुढच्या एका कोपऱ्यात बसलेले असते. मायक्रोट्यूब्यूल मोडले की ते जागा सोडते. केंद्रक जागेवरच असेल तर औषध पोचलेले नाही, आणि ‘परिणाम झाला नाही’ हा निष्कर्ष काढू नका. लेपात फक्त द्रावक घातलेला गटही समांतर ठेवा. कोल्सेमिड माणसाच्या विभाजित होणाऱ्या पेशींनाही घातक आहे: हातमोजे घाला, उरलेला लेप वेगळ्या डब्यात ठेवा, बेसिनमध्ये नाही.

एक मर्यादा. प्रवाह आणि डायनिनची चाल दोन्ही मायक्रोट्यूब्यूलवर अवलंबून असल्यामुळे कोल्सेमिडने दोन्ही थांबतात. त्यातून ‘मायक्रोट्यूब्यूल लागतात’ एवढेच सिद्ध होते. अकराव्या टप्प्याचे मात्र निराळे आहे. तेव्हा नर्स सेल मायोसिनच्या जोरावर पिळल्या जातात आणि उरलेला सायटोप्लाझम अर्ध्या तासात अंडपेशीत जातो. अ‍ॅक्टिनच्या तारा नर्स सेलची केंद्रके मागे धरून ठेवतात, नाहीतर ती भोकांत अडकतात. अकराव्या टप्प्यातला वेग नवव्या टप्प्याच्या सरासरीत मिसळू नका.

फिक्स केलेल्या नमुन्यावर रिंग कॅनाल दाखवायचे तर ४ टक्के फॉर्माल्डिहाइड २० मिनिटे, मग ०.१ टक्का ट्रायटन (पटलांना भोके पाडणारा साबण) आणि फॅलॉइडिन (अ‍ॅक्टिनला चिकटणारा रंग). फॉर्माल्डिहाइड मिथेनॉलविरहित हवे, मिथेनॉलमुळे फॅलॉइडिन धरत नाही.

श्नायडर माध्यम नसेल तेव्हा: लाल ढेकण्या

बडोदा जिल्ह्यात कपाशी किंवा भेंडीवर सापडणारा लाल ढेकण्या साध्या प्रयोगशाळेला सोयीचा आहे. त्याच्या प्रत्येक अंडाशयात सात ओव्हेरिओल असतात, आणि सगळ्या पोषक पेशी टोकाशी एकत्र राहतात. तिथून प्रत्येक अंडपेशीपर्यंत एक लांब पोषक नळी जाते. ती समांतर मायक्रोट्यूब्यूलनी गच्च भरलेली असते. त्यामुळे मायक्रोस्कोपच्या दिव्यावर आणि डोळ्याच्या भिंगाखाली काटकोनात दोन पोलरॉइड तुकडे ठेवले की नळी काळ्या पार्श्वभूमीवर उजळते. उजळली नाही तर स्लाइड ४५ अंशांनी फिरवा. नळी पोलरॉइडच्या अक्षाला समांतर असली की ती दिसत नाही.

मादी ०.७५ टक्के मिठाच्या पाण्यात उघडा, आणि पोट वरून, कडेकडेने कापा. मधल्या आकाराच्या, बलक नुकते धरू लागलेल्या अंडपेशी निवडा. अंडपेशी पुरती भरली की तिची नळी तुटून बंद होते. पूर्ण वाढलेल्या पिवळट अंड्यांना जोडलेली नळी शोधणे म्हणून व्यर्थ. झुरळावर मात्र वेळ घालवू नका: त्याच्या अंडाशयात पोषक पेशीच नसतात.